एकाच काचतंतूत अनेक वाहक : प्रकाशसंदेशवहनातील बहुवाहक पद्धती

सोलापूर–पुणे महामार्गाच्या कडेने चर खणून, त्यात नळ्या टाकून, त्यांतून ऑप्टिकल फायबरची केबल ओढली जाते, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. केबल एकदा पुरली की वर्षानुवर्षे तशीच राहते. चर बुजतो, त्यावर गवत उगवते, पुढे केबल कोठून गेली हेही लोक विसरतात. तरीही तिच्यातून वाहणारा माहितीचा ओघ मात्र दर काही वर्षांनी वाढत जातो. काच तीच आणि चरही तोच, मग वाढते ते काय? माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात वा पालकसभेत दूरसंचाराचा विषय निघाला की हा प्रश्न आम्हांला हटकून विचारला जातो. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर जरा सविस्तर मांडावे, असे आम्ही ठरविले. गणित टाळलेले नाही. परंतु बेरीज-गुणाकाराच्या पलीकडचे काही घेतलेलेही नाही.

हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. केबल टाकण्याच्या खर्चात काचेचा वाटा लहान असतो. मोठा खर्च असतो तो खणण्याचा, परवानग्यांचा आणि खणलेला रस्ता पूर्ववत करण्याचा. शहरात ग्राहक दाटीने राहतात, म्हणून तेथे पुन्हा खणणे परवडते. सांगोला किंवा मंगळवेढा तालुक्यातील एखाद्या वाडीपर्यंत दुसऱ्यांदा चर खणायला सहसा कोणी येत नाही. म्हणून पुरलेल्या तंतूतून अधिक माहिती कशी नेता येईल, या प्रश्नाशी सर्वांत जवळचा संबंध अशा वाडीतील मुलामुलींचा आहे.

प्रथम तंतूविषयी. केसाएवढ्या जाडीच्या, म्हणजे १२५ मायक्रोमीटर व्यासाच्या शुद्ध काचेच्या तंतूत मधोमध सुमारे ९ मायक्रोमीटरचा गाभा असतो. पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश त्या गाभ्यातच कोंडून राहतो. अशी काच दूरसंचाराला उपयोगी पडेल, हे १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले. त्या कामासाठी काओ यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी शिल्लक राहिला तरी काम भागेल, असा त्यांचा हिशेब होता. आजच्या तंतूत शंभरावा भाग उरतो तो १०० किलोमीटरनंतर. भारतात अशी यंत्रणा प्रथम उभी राहिली ती आपल्या महाराष्ट्रातच. १९७९ मध्ये पुण्यात स्थानिक टेलिफोन एक्स्चेंज जोडण्यासाठी. आता तर हा तंतू छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत तयार होतो.

पुण्यातील त्या यंत्रणेच्या काळापासून पुढे बराच काळ संदेश पाठविण्याची रीत अगदी साधी होती. प्रकाश लागला म्हणजे १, विझला म्हणजे ०. लहरीच्या एखाद्या गुणात असा बदल करून तिच्यावर माहिती चढविणे, यालाच मॉड्युलेशन म्हणतात, आणि जी लहर माहिती वाहून नेते तिला वाहक. एक लेसर, एक वाहक आणि उघडझाप; वेग हवा असेल तर उघडझाप अधिक जलद करायची. सेकंदाला एक हजार कोटी वेळा, म्हणजे १० गिगाबिटपर्यंत, हे निभावले. पुढे मात्र काचच आडवी आली.

दहावीच्या पुस्तकात प्रकाशाचे अपस्करण आपण शिकतो. लोलकातून जाताना पांढऱ्या प्रकाशातील रंग वेगळे होतात, कारण काचेत प्रत्येक रंगाचा वेग निराळा असतो. लेसरचा प्रकाश एकरंगी वाटला तरी त्याची जलद उघडझाप केली की त्यात लगतच्या वारंवारता मिसळतात, आणि उघडझाप जितकी जलद तितका हा पसारा रुंद. त्या वारंवारता काचेतून थोड्या मागेपुढे पोहोचतात. त्यामुळे तीक्ष्ण ठोका पसरट होऊन शेजारच्या ठोक्यावर चढतो. वेग चौपट केला तर पसारा चौपट होतो आणि ठोक्याची मुदत चौथाई होते. म्हणजे अडचण सोळापट वाढते. नेहमीच्या तंतूत १० गिगाबिटचा संदेश काही उपाय न करता साधारण ६० ते ८० किलोमीटर सुवाच्य राहतो. सोलापुरातून निघालेला तो संदेश पंढरपूरच्या आसपास अस्पष्ट होईल. तोच संदेश ४० गिगाबिटने सोडला तर ४–५ किलोमीटरवर, म्हणजे शहराची हद्द ओलांडण्याआधीच, वाचेनासा होईल.

येथे बहुवाहक पद्धतीचा विचार पुढे येतो. एका वाहकाला धावडविण्याऐवजी काम अनेक वाहकांत वाटून द्यावे आणि प्रत्येकाला सावकाश चालू द्यावे. सोलापूरकरांना हे उमजायला वेळ लागू नये. आपल्या चादरीचा जकार्ड माग आठवावा. पुठ्ठ्याच्या पत्त्यावर जेथे भोक असेल तेथील उभा धागा वर उचलला जातो, नसेल तेथील खाली राहतो, आणि मग मधून आडवा धागा जातो. एका पत्त्यासरशी शेकडो धाग्यांना एकाच वेळी आपापली आज्ञा मिळते. कोणताही एक धागा फार वेगाने हलत नाही. नक्षी मात्र भराभर उतरते. बहुवाहक पद्धतीत प्रत्येक वाहक हा असा एक उभा धागा आहे, आणि सर्व वाहकांवर एकाच वेळी चढविलेली माहिती म्हणजे एक पत्ता. तांत्रिक भाषेत या पत्त्याला सिंबॉल म्हणतात.

आता आकडे मांडून पाहू. समजा, ४० गिगाबिटचा तोच ओघ २५६ वाहकांत वाटला आणि प्रत्येक वाहकावर एका वेळी ४ बिट चढविले. एका पत्त्यात १०२४ बिट बसले. उघडझापीच्या पद्धतीत एका ठोक्याला २५ पिकोसेकंद मिळत होते, येथे एका पत्त्याला २५.६ नॅनोसेकंद मिळतात, म्हणजे १०२४ पट अधिक. सोलापूर ते पुणे हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर घेतले, तर जुन्या पद्धतीतील ठोका वाटेत पसरून शेजारचे ५० हून अधिक ठोके व्यापून टाकील. नव्या पद्धतीत सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा वाहक यांच्या पोहोचण्यात जो फरक पडतो तो जेमतेम ०.३४ नॅनोसेकंद, म्हणजे पत्त्याच्या मुदतीच्या दीड टक्क्याहूनही कमी. काच बदललेली नाही, तिचा दोषही गेलेला नाही. तो दोष किरकोळ ठरेल अशी कामाची वाटणी मात्र झालेली आहे.

परंतु वाटणी म्हटली की मधल्या कुंपणाचा प्रश्न येतो. रेडिओची दोन केंद्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्या वारंवारतांत मोकळी जागा सोडतात. २५६ वाहकांत अशी २५५ कुंपणे घातली तर शेताचा निम्मा भाग बांधांतच जाईल. या पद्धतीचे खरे मर्म असे की, वाहकांचे पसारे एकमेकांवर चढलेले असूनही ते वेगळे करता येतात. त्यासाठी ते ऑर्थोगोनल, म्हणजे परस्परांना लंब असावे लागतात. शब्द भारदस्त आहे. कल्पना ढोलकी वाजविणाऱ्याला ठाऊक असलेली आहे.

भीमगीतांच्या साथीला सर्रास वाजणारा आठ मात्रांचा केरवा घ्या. एका आवर्तनात एकाने एक फेरी पूर्ण केली, दुसऱ्याने दुप्पट लयीत दोन, तिसऱ्याने तिप्पट लयीत तीन, तरी सर्व जण समेवर एकत्र येतात. वाहकांचेही तसेच. एका पत्त्याच्या मुदतीत प्रत्येक वाहकाने पूर्ण संख्येच्या फेऱ्या मारल्या पाहिजेत, एवढीच अट. एक फेरी मारणाऱ्या वाहकाची उंची आठ मात्रांवर मोजली तर आकडे येतात : १, ०.७, ०, −०.७, −१, −०.७, ०, ०.७. दोन फेऱ्या मारणाऱ्याचे आकडे : १, ०, −१, ०, १, ०, −१, ०. आता मात्रेमागून मात्रा या दोहोंचा गुणाकार करा. पहिल्या मात्रेवर १ येतो, पाचव्या मात्रेवर −१, बाकी सर्व ठिकाणी शून्य. बेरीज शून्य. परंतु पहिल्या वाहकाला स्वतःनेच गुणले तर बेरीज जवळपास ४ भरते. म्हणजे मिसळून आलेल्या लहरीला ज्या वाहकाने गुणून बेरीज करावी, त्याचेच बोलणे तेवढे ऐकू येते. इतर सर्व गप्प. बेरीज मात्र सम ते सम अशी पुरी करायला हवी. पहिल्या चारच मात्रा घेतल्या तर बेरीज १ येते आणि दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळते.

या तत्त्वावर उभ्या असलेल्या पद्धतीला ओएफडीएम म्हणतात. तिचा मूळ विचार अमेरिकेतील बेल लॅबमधील रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्येच, म्हणजे काओ यांनी काचेविषयी लिहिले त्याच वर्षी, मांडला होता. तेव्हा ती वापरणे अवघड होते, कारण प्रत्येक वाहकासाठी वेगळे सर्किट लागे. १९७१ मध्ये वाइन्स्टीन आणि एबर्ट यांनी दाखविले की, सर्व वाहक एकत्र करणे आणि पुन्हा वेगळे काढणे हे काम फूरिये रूपांतराच्या गणितानेच होते, त्याला शेकडो सर्किटे लागत नाहीत. ते गणित झपाट्याने उरकण्याची रीत कूली आणि टुकी यांनी १९६५ मध्ये दिलेली होतीच. १०२४ वाहकांसाठी सरळ मार्गाने साडेदहा लाखांच्या आसपास गुणाकार लागतात. त्यांच्या रीतीने ५१२० पुरतात. आमच्या मते ओएफडीएमच्या कार्यक्षमतेचे निम्मे श्रेय या एका बचतीला द्यावे लागेल.

रेडिओ लहरींच्या जगात ही पद्धत केव्हाच घराघरांत पोहोचली आहे. वाय-फायच्या १९९९ च्या एका मानकात ५२ वाहक होते, त्यांपैकी ४८ माहितीसाठी. फोर-जी मोबाइलमध्ये वाहक एकमेकांपासून १५ किलोहर्ट्झवर बसविलेले असतात. ऊसतोडीला गेलेले आईवडील फडावरून वसतिगृहातील लेकराशी बोलतात, तेव्हा मनोऱ्यापासून त्यांच्या हातातील मोबाइलपर्यंत येणारा लेकराचा आवाज ओएफडीएमवरच स्वार असतो. मनोऱ्यांच्या मधली वाट बहुधा काचतंतूची असते. काचतंतूच्या लांब पल्ल्यासाठी मात्र या पद्धतीचा गंभीर विचार सुरू झाला तो २००६ च्या सुमारास, आणि त्यातील दोन महत्त्वाची कामे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न या एकाच शहरातली आहेत.

इतका उशीर का झाला? याचे एक कारण वेगवान अंकीय सर्किटांची वाट पाहणे हे होते. दुसरे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. ओएफडीएमची लहर शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे झुलते. साध्या लेसरच्या किंवा एलईडीच्या प्रकाशाची तीव्रता शून्याच्या खाली जात नाही. उणे प्रकाश असा काही नसतो. मग सोपा उपाय म्हणून सबंध लहर वर उचलायची, म्हणजे तिच्यात एक कायमची तीव्रता मिळवायची. ती वाढीव ऊर्जा माहिती काही वाहत नाही. मोनॅश विद्यापीठातील जीन आर्मस्ट्राँग आणि आर्थर लोअरी यांनी २००६ मध्ये वेगळी युक्ती मांडली. केवळ विषम क्रमांकाच्या वाहकांवर माहिती चढवावी आणि शून्याखालचा भाग सरळ छाटून टाकावा. छाटण्यामुळे होणारा सारा गोंधळ सम क्रमांकाच्या वाहकांवर जाऊन पडतो, आणि ते तर रिकामेच ठेवलेले असतात! ऊर्जा वाचते, जागा मात्र जाते. २५६ वाहकांच्या गणितात पहिल्या उपायाने १२७ वाहक माहितीसाठी मिळतात, दुसऱ्याने ६४. म्हणून ‘कार्यक्षम’ हा शब्द ऐकला की आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारतो : कशाच्या बाबतीत कार्यक्षम, ऊर्जेच्या की जागेच्या?

तिसरा मार्ग खर्चिक, पण लांब पल्ल्यासाठी समर्थ. त्यात घेणाऱ्या टोकालाही एक लेसर ठेवतात आणि येणाऱ्या प्रकाशाशी त्याचा मेळ घालून केवळ तीव्रता नव्हे, तर प्रकाशलहरीची कलाही मोजतात. लहर वर आहे की खाली, हे आता कळते, त्यामुळे उणे-अधिकची अडचण उरत नाही. शिवाय प्रकाशाच्या दोन ध्रुवणदिशांवर वेगवेगळी माहिती पाठविता येते. मेलबर्न विद्यापीठातील विल्यम शी आणि त्यांचे सहकारी अथौदगे यांनी २००६ मध्ये ओएफडीएम या मार्गाशी जोडून दाखविले. त्याला अतिशय स्थिर लेसर लागतो, कारण पत्ता जितका लांब तितका वेळ लेसरची कला डळमळू नये.

वाहकांना माहिती वाटताना सर्वांना सारखीच द्यावी असेही नाही. तंतू, लेसर आणि संवेदक यांच्या गुणदोषांमुळे काही वाहक स्वच्छ पोहोचतात, काही गोंगाटात. एका वाहकावर ४ ऐवजी ६ बिट चढवायचे तर सुमारे चौपट शक्ती लागते. तेव्हा सशक्त वाहकावर ६ बिट, मध्यमावर ४, अशक्तावर २ आणि अगदीच निकामी असेल त्याला सुट्टी. यातील शक्तिवाटपाच्या नियमाला अभियंते पाणी भरण्याची उपमा देतात : शिवारात पाणी सोडले की खोलगट जागी ते अधिक साचते, उंचवट्यावर थांबत नाही. एकवाहक पद्धतीत अशी निवड करता येत नाही. तेथे एक जागा खराब असली तर तिचा त्रास सबंध संदेशाला होतो.

दोन किमती मोजाव्या लागतात. पहिली वेळेची. पत्त्याच्या शेवटचा छोटा तुकडा नकलून त्याच्या सुरुवातीला जोडतात. मागे पडलेल्या वाहकांमुळे जी सरमिसळ होते ती या जोडतुकड्यातच होते, घेणारा तेवढा भाग टाकून देतो, आणि उरलेला भाग सम ते सम असा निखळ हाती लागतो. वाय-फायच्या त्या जुन्या मानकात ४ मायक्रोसेकंदांपैकी ०.८ यातच जात. तंतूवर, वर दिलेल्या उदाहरणात, दोन टक्के सुद्धा पुरतील.

दुसरी किंमत अधिक जाचक आहे. २५६ वाहक आपापल्या लयीत झुलत असताना कधीतरी त्यांतील बरेचसे एकाच क्षणी शिखरावर येतात. सगळेच आले तर त्या क्षणाची शक्ती सरासरीच्या २५६ पट होते. असे क्वचितच घडते, पण त्याहून लहान शिखरांची भीती बाळगूनच यंत्र बांधावे लागते. अशा वेळी मॉड्युलेटर लहरीचे डोके दाबतो. त्याहून वाईट म्हणजे काचही तटस्थ राहत नाही. तीव्र प्रकाशाने तिचा अपवर्तनांक किंचित बदलतो आणि वाहक एकमेकांत कुजबुजू लागतात. यावर शिखरे थोडी छाटणे, किंवा पत्ता तयार करण्यापूर्वी माहिती सर्व वाहकांवर पसरून देणे असे उपाय आहेत. फोर-जी मोबाइलकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या लहरीत हा दुसरा उपाय योजलेला असतो. बॅटरी वाचते ती त्यामुळे.

या किमतीमुळे शहराशहरांना जोडणाऱ्या लांब तंतूंवर शेकडो वाहकांच्या ओएफडीएमने बाजी मारलेली नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तेथे प्रत्येक रंगाच्या लेसरवर एकच वाहक ठेवून अपस्करणाची दुरुस्ती गणिताने करण्याची पद्धत बहुधा वापरली जाते. घराकडच्या टोकाला तर साधी उघडझाप अजून टिकून आहे. भारतनेट योजना, जी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर केली आणि जिचे उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचे होते, तिच्या पहिल्या टप्प्यात जीपॉन पद्धत वापरली गेली. तीत एका तंतूवरचा अडीच गिगाबिटचा ओघ अनेक जोडण्यांना पाळीपाळीने वाटून मिळतो. त्याच घराण्यातील २०२१ च्या ५० गिगाबिटच्या मानकातही उघडझापच आहे. स्वस्त असणे हीसुद्धा एक कार्यक्षमता आहे, आणि ग्राहकाच्या टोकाला तीच निर्णायक ठरते.

तरीही आमची नजर आहे ती मधल्या टप्प्यावर, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्यांपर्यंत आणि तेथून गावांच्या समूहांपर्यंत. अमेरिकेतील इन्फिनेरा कंपनीने पुढे आणलेल्या एक्सआर ऑप्टिक्स या पद्धतीत एका लेसरवरच्या ४०० गिगाबिटच्या ओघाचे २५ गिगाबिटचे १६ वाहक केले जातात. येथे वाहक एकमेकांवर चढत नाहीत, केवळ खेटून उभे असतात; संख्या कमी असल्यामुळे शिखरांचा जाचही कमी. मध्यवर्ती ठिकाणी एकच मोठे यंत्र आणि दूरच्या टोकांना लहान यंत्रे, ज्याने त्याने आपापले वाहक उचलावेत. सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. सोळा वाहकांचे हे गणित त्यांना लावले तर प्रत्येक तालुक्याला एक वाहक देऊनही पाच हाती राहतात, आणि आषाढीला पंढरपूरची गर्दी वाढली की त्यांतील दोन-तीन तिकडे वळविता येतील. त्यासाठी कोणताही चर पुन्हा उघडावा लागणार नाही. मात्र, ज्या गावापर्यंत तंतू पोहोचलाच नाही, किंवा पोहोचून तुटलेला पडून आहे, तेथे कोणत्याही मॉड्युलेशनचा उपयोग नाही. ते काम फावड्याचे आणि दुरुस्ती-पथकाचे आहे, आणि ग्रामसभेत त्याचा पाठपुरावा करावा लागतो.

ज्या विद्यार्थ्यांना या विषयात पुढे जायचे असेल त्यांच्यासाठी प्रा. शेवगावकर यांनी मुंबई आयआयटीत असताना दिलेली प्रकाशसंदेशवहनावरील व्याख्याने एनपीटीईएलवर विनामूल्य उपलब्ध आहेत. ती अभियांत्रिकीच्या पातळीची आहेत. त्याआधी वही पुरे. वर दिलेल्या आठ मात्रांवर तीन फेऱ्या मारणाऱ्या वाहकाचे आकडे काढून ते पहिल्या वाहकाशी गुणून पाहावेत. मग सात फेऱ्यांचा वाहक घ्यावा. त्याचे आठही आकडे हुबेहूब पहिल्या वाहकाचेच निघतात. आणि केवळ तीव्रतेवर काम करणाऱ्या पद्धतीत निम्मे वाहक का सोडून द्यावे लागतात, याचा उलगडा त्या साम्यातूनच होऊ लागतो.